बारावा स्क्रू

बाबा गेल्यावर आज पहिल्यांदाच त्यांच्या जुन्या जीपची सागवानी पट्टी पॉलिशसाठी काढायला बसले. अकरा स्क्रू सहज निघाले, बारावा काही केल्या हलेना. त्यावर रॉकेल सोडलं, तर बाबांच्या हातांचा वास आला आणि बूढापारा या हिंदीभाषक मोहल्ल्यातलं आमचं लहानपणचं अंगण समोर उभं राहिलं. हीच पट्टी बसवताना बाबा एकेक स्क्रू मेणबत्तीवर घासून माझ्या हाती देत होते.

फाटकाशी मैत्रिणी खोळंबल्या होत्या. "अब इसको कौन खोलेगा, बाबा?" मी चिडले.

"कोणी तरी खोलनच ना वं. त्याले त्रास काहून द्यायचा?"

शेवटचा स्क्रू मी त्यांच्या हातून ओढला, कोरडाच पिळला आणि पळाले.

बाबांचे अकरा आता माझ्या ओंजळीत आहेत. अडलाय तो माझा.