भरलेलं नाट्यगृह

बाबा गवंडी, आई त्यांच्या हाताखाली घमेली वाहायची. ज्या इमारतीचं काम चालू, तिच्यातच आमचं बिऱ्हाड. खिडकीला पोतं, दाराला पत्रा. खरी दारं बसली की आम्ही सामान उचलायचो. पावसात पुस्तकं कोरडी ठेवायला आई रिकाम्या सिमेंटच्या गोणीत भरायची. तशातून शिकून मी आर्किटेक्ट झाले. घराण्यातली पहिली पदवीधर; हे मी कुणी न विचारताही सांगते.

नाट्यगृहांची कामं करत दुबईला आले. बर दुबई या तिथल्या जुन्या भागात एका व्यापाऱ्याचं समुद्री प्रवाळाच्या दगडाचं जुनं घर होतं. त्याच्या मधल्या चौकावर छत घालून नाट्यगृह करायचं होतं. आमचा ध्वनी-इंजिनियर अडून बसला, "मॅडम, आवाज घुमणार. भिंतींवर आवाज शोषणारी पॅनल ठोका." मी म्हटलं, "मग जुना दगड वाचवला कशाला?" व्यापाऱ्याचा नातू, म्हणजे आताचे मालक, म्हणाले, "मी शेवटच्या रांगेत बसतो. शब्द स्पष्ट आले तर भिंत उघडी. नाहीतर पॅनल, खलास."

परीक्षेला मी दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या आमच्या मराठी नाटकमंडळातल्या एका काकूंना बोलावलं. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि ते घुमत राहिलं. इंजिनियर गालात हसला. मग माझ्या लक्षात आलं, माझं सगळं गणित भरलेल्या खुर्च्यांचं! रिकाम्या लाकडी खुर्च्यांवर आवाज उड्या मारणारच. माणसं आवाज पितात.

बाहेर कामगारांची जेवणाची सुट्टी चालू होती. मी दारातून ओरडले, "यल्ला, सब अंदर आओ! नाटक है!"

"मॅडम, खाना?" मुकादमाने विचारलं.

"डब्बा लेके आओ!"

बूट-जॅकेटसकट सगळे येऊन बसले. काकू म्हणाल्या, "अगं, हाउसफुल्ल आहे म्हणालीही नाहीस! चांगली साडी नेसले असते." मालकांना हिंदी कळायची, म्हणून काकूंनी भाजीवाल्याशी भांडणाचा प्रवेश हिंदीत सुरू केला. नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात, माइक नाही. "भैया, ये भिंडी है या लकड़ी?"

शेवटच्या रांगेतून मालकच मोठ्यांदा म्हणाले, "लकड़ी!" आणि अख्खं सभागृह हसलं. इंजिनियरने हातातलं आवाज मोजायचं मीटर पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "ठीक है, मॅडम. पॅनल कॅन्सल."

नाट्यगृह पूर्ण झालं. प्रवाळाची भिंत उघडी आहे, तिथे माइकशिवाय नाटकं होतात, आणि नकाशांवर मुख्य आर्किटेक्ट म्हणून सही माझी आहे.