फोमची कोयरी

माझी सून मशीनवर भरतकाम करते. काल तिनं शालीवर लाल फोम ठेवला, त्यावर लाल दोऱ्याचे दाट टाके घातले, कडेचा फोम फाडून काढला आणि कोयरी टम्म वर आली.

"ही कला नव्हे, उशी आहे," मी म्हणालो. मी जन्मभर हातानं भरलं. वरून बोट फिरवलं तरी टाका लागू नये, ही माझी शान.

आमच्या हिची नजर गेलीय. तिनं शाल चाचपली. "कोयरी हाय. टोक वाकडं, तुमच्यावानी."

काम चांगलं झालं की माणूस खूश होतो. ते कुणापर्यंत पोचलं, हे बघायचं राहून जातं. सपाट कामाचा मान मी सोडणार नाही. पण सुनेला म्हटलं, "माझा मोर काढून देतो. फोमवर भर. तुझ्या सासूला बघायचाय."