काळ्या दोऱ्यातला निळा मणी

ती बाहुली अजून डोळ्यांपुढून हलत नाही. साठ सालानंतरची गोष्ट, बेंगळुरूच्या छावणी भागातल्या ठाण्यातली. महिला पोलीस तेव्हा मोजक्याच. बाई आरोपी असली की झडतीला मलाच बोलवत.

नवरात्रात एका निवृत्त शिक्षिकेने तक्रार दिली. त्यांना हाताने रंगवलेल्या जुन्या बाहुल्या जमवायचा नाद. त्यातली वीतभर उंचीची, कडेवर मूल घेतलेली बाई नाहीशी झाली होती. महायुद्धात हेब्बाळकडे इटलीचे कैदी ठेवले होते. त्यांच्यातल्या एकाने ती मातीची घडवलेली. कैदी मायदेशी गेल्यावर सामानाच्या लिलावात बाईंनी घेतली. "मेरी आणि बाळ येशू," त्या म्हणाल्या.

खबऱ्याने सांगितलं, बाईंच्या नव्या मोलकरणीने इकडच्या रिवाजाप्रमाणे घरी पायऱ्यांवर दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्यात, त्यात एक परदेशी दिसते. मी साध्या साडीत कुंकवाला म्हणून गेले. सगळ्यात वरच्या पायरीवर, मानाच्या राजाराणीच्या जोडीच्याही वर, तीच बाहुली होती.

मोलकरणीला बाहुलीसकट ठाण्यात आणलं. झडतीत संचीतून पानसुपारी निघाली आणि एक काळा दोरा. तो तिने मुठीत घट्ट धरला.

"का चोरलीस?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं.

"चोरली नाही, साहेब. माझं मूल घरी नेलं."

साहेब हसले. "येशूची आई आमच्या ठाण्यात! अरे, खुर्ची द्या हिला."

ती माझ्याकडे वळली. "अक्का, लढाईच्या दिवसांत मी कैद्यांच्या तारेपाशी ताक विकायची. लेकरू कडेवर. एक कैदी आमच्याकडे बघत माती मळत बसायचा. त्याच साली लेकरू तापाने गेलं. आमच्याकडे फोटो कुठला?"

मुद्देमालाला सील लावायचं म्हणून मी बाहुली उचलली. मुलाच्या कमरेला बारीक काळी रेघ होती. तिच्यावर निळा ठिपका, दोन्हीकडे पांढरे.

साहेबांपुढे मी सहसा बोलत नसे. तरी म्हणाले, "साहेब, येशूला करगोटा कोण बांधेल?" आणि तिला म्हणाले, "मूठ उघड."

दोऱ्यात निळा मणी होता, दोन्हीकडे पांढरे. साहेबांचं हसू थांबलं.

शिक्षिकाबाईंना बोलावलं. त्यांनी दोरा आणि बाहुली शेजारी धरून बराच वेळ पाहिलं, आणि तक्रार मागे घेतली. मग कपाटात बाहुलीखाली लावलेल्या माहितीच्या चिठ्ठीवर लिहायला म्हणून मुलाचं नाव विचारलं.

"चिठ्ठी तुम्ही ठेवा, अम्मा. मूल मला द्या."

 बाई रुमालात गुंडाळून बाहुली घेऊन गेल्या. वस्तू त्यांचीच होती.

"सुटलीस. घरी जा," मी म्हणाले.

"सरी, अक्का, बरं," ती म्हणाली, आणि बाकावर तशीच बसून राहिली. मीही कामाला हात लावू शकले नाही.

वस्तू मालकाला गेली की प्रकरण मिटलं, असं आम्हाला शिकवलं होतं. त्यानंतर मात्र झडतीत काही सापडलं की मी आधी विचारायची, "हे तुला कशाला हवं होतं?" उत्तर ऐकूनही सील लावावंच लागायचं.