अंगिरा आज उजळ की मंद?

पिंपळनेरला आमच्या गच्चीवर चार माणसं जमली की तारे राहायचे बाजूला आणि किस्सेच साचायचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळेत विज्ञान शिकवायचा. मी सातवीतच शाळा सोडून सलीमभाईंच्या गॅरेजात लागलो. सलीमभाई आणि शेजारचे नाना उन्हाळाभर जेवण आटोपून वर यायचे.

*

दादाचा लाडका तारा सप्तर्षींमधला अंगिरा. "याच्या अंगावर क्रोमियमचे डाग आहेत," तो सांगायचा. "तो स्वतःभोवती फिरतो, डाग पुढेमागे होतात आणि पाचेक दिवसांत उजेड किंचित बदलतो."

सलीमभाई म्हणाले, "क्रोमियम? मग आणा त्याला गॅरेजात. सायलेन्सरसारखा चमकवून देतो!"

*

हा बदल इतका बारीक की डोळ्याला कळतच नाही. दादाच्या कॅमेऱ्याला कळतो, तोही शेजारच्या ताऱ्याशी ताडून. सगळे तारे सारखेच दिसतात म्हणून नाना एकदा वैतागले, "बठ्ठाच सारखा शेतस. शेजारी कशाले पाहिजे?"

"नाना, तुमचा कांदा चांगला आला हे तुम्हाला कधी कळतं?"

नाना म्हणाले, "शेजारना दखा की मंग!"

*

तरी दादाचा नियम होता. आधी प्रत्येकाने नुसत्या डोळ्याने बघून सांगायचं, उजळ की मंद. दादा सगळ्यात शेवटी बोलायचा, म्हणजे त्याचं ऐकून आम्ही बदलणार नाही. तो बोलला की मगच लॅपटॉप उघडून कॅमेऱ्याचा निकाल बघायचा.

मला कुठला दम! एकदा आभाळ भरलेलं असताना मी ओरडलो, "मंद!"

दादा म्हणाला, "लहान्या, आधी वर तरी बघ!"

*

या हिवाळ्यात साक्रीच्या रस्त्यावर अपघात झाला आणि दादा गेला.

दहाव्याला एक पाहुणे माझी पाठ थोपटत म्हणाले, "रडू नको. तो आता तारा झाला."

"कोणता? दाखवा!" मी ओरडलो.

भर दुपार होती. पाहुणे खरंच वर बघायला लागले.

*

दादा गेल्यापासून मी गच्चीवर पाय ठेवला नव्हता. परवा सलीमभाई आणि नाना दारात उभे राहिले. सलीमभाई म्हणाले, "कॅमेरा आम्हाला लावता येत नाही. तू आला नाहीस तर हे आजपासून बंद."

मी रागानेच जिना चढलो. कॅमेरा लावला. फोटो निघाले.

नाना म्हणाले, "मंद."

सलीमभाई म्हणाले, "उजळ."

मी वर बघितलं. "मंद."

आता पाळी दादाची होती. लॅपटॉपला कुणी हात लावेना.

जिन्याच्या तोंडाशी आई येऊन उभी होती. ती कधीच वर येत नसे.

"त्याना तारा कोनता?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. ती मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली.

"उजळ शे," ती म्हणाली.

सलीमभाईंनी लॅपटॉपकडे हात नेला. मी झाकण दाबून धरलं.