दसरू कोणत्या गावचा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईजवळ दोनदा विषय काढायला गेलो, आणि दोन्ही वेळा कापसाच्या भावाचं काहीतरी बोलून उठलो. तुमची-माझी ओळख नाही. म्हणूनच कदाचित तुमच्याजवळ बसून बोलता येईल असं वाटतं. पण सुरुवात कुठून करू?

मैदानापासून करतो. वर्ध्याचं ते मैदान सरकी काढणाऱ्या एका कापसाच्या जिनाला लागून होतं. हिवाळ्यात जिन चालू असलं की रुईचे तंतू हवेवर तरंगत यायचे आणि खेळणाऱ्यांच्या केसांवर, खांद्यांवर बसायचे. भर उन्हात ते दिसत नसत. ऊन कलतं झालं की सगळी हवाच पांढुरकी होऊन जायची आणि तिच्यातून माणसं पोहत असल्यासारखी वाटायची. मला ते अजून तसंच दिसतं — आवाज नाही, शिटी नाही, नुसती संथ हलणारी माणसं. आणि त्यांच्यात उघड्या पायांचा दसरू.

दसरू मडावी आमच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा मुलगा. त्याचे वडील चांद्याकडच्या जंगलातून आमच्याकडे कामाला आले तेव्हा दसरू त्यांच्या खांद्यावर होता. घरात ती माणसं गोंडी बोलत, आमच्याशी आमची बोली. आमचं गाव पवनारच्या पुढे, धाम नदीच्या काठी. गावात एक मास्तर आले, त्यांनी फुटबॉल आणला, आणि उन्हाळ्यात आम्ही नदीच्या कोरड्या वाळूत खेळू लागलो. वाळूत चेंडू पळत नाही, रुततो. त्यामुळे दसरू चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही. पायावरून मांडीवर, मांडीवरून छातीवर, आणि मग अलगद पुढे. संध्याकाळी पाण्याच्या पट्ट्यापलीकडे तो एकटाच चेंडू झुलवत असायचा, तेव्हा आम्ही खेळायचं सोडून बघत बसायचो. इतकं सुंदर काही मी नंतर पाहिलं का? नाही वाटत.

मी वर्ध्याच्या कॉलेजात गेलो. आमच्या घरातून तिथवर पोहोचलेला पहिलाच. तिथे मी कमी बोलायचो, कारण तोंड उघडलं की ‘मले’, ‘तुले’ बाहेर पडायचं आणि नागपूरची मुलं हसायची. फुटबॉलच्या संघात राखीव म्हणून जागा मिळाली. कोणाचे तरी जुने बूट मिळाले. त्या बुटांचं मला केवढं अप्रूप होतं, हे आज सांगतानासुद्धा लाज वाटते.

त्या वर्षी कॉलेजात एक वादविवाद झाला. कलकत्त्याच्या लीगमध्ये मोठे क्लब पाकिस्तानातून, ब्रह्मदेशातून खेळाडू आणत. वसतिगृहात पेपर आला की त्यावरून भांडणं व्हायची. बाहेरचे आणावेत, की आपलीच पोरं खेळवावीत? मी आपल्या पोरांच्या बाजूनं बोललो. धीर करून पहिल्यांदाच बोललो. माझ्या गावात एक अनवाणी मुलगा आहे, वाळूत शिकलेला, त्याला बघायला कोणी का येत नाही, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. आमचा कॅप्टन मागच्या बाकावर बसून ऐकत होता.

जिल्ह्याच्या स्पर्धेत तेव्हा असाच तंटा चालायचा, फक्त लहान. चार घरचे आणि सात नागपूरजवळच्या कामठीहून आणलेले असे संघ उतरत. म्हणून नियम केला होता की एका संघात बाहेरचे दोनच. आता बाहेरचा कोण हे ठरवायचं कसं? खेड्यांसाठी स्पर्धेच्या सेक्रेटरींनी साधी खूण ठेवली होती — जो गावच्या पोळ्यात बैल धरून उभा राहिला तो गावचा. संशय आला की त्या गावच्या जाणत्या माणसाला मैदानावर बोलावून विचारायचं, आणि तो सांगेल ते खरं. कॉलेजला मात्र ज्याचं नाव पटावर तो घरचा. आमच्या पटावर कामठीचे तिघं होते. वर्गात मी त्यांना कधी पाहिलं नाही.

अंतिम सामना आमच्या कॉलेजचा आणि माझ्या गावचा ठरला. आदल्या आठवड्यात मी घरी गेलो होतो, तेव्हा शेताच्या धुऱ्यावर बसून दसरूनं मला सांगितलं की सामना बघायला एका कापडगिरणीचा माणूस येणार आहे. गिरणीवाले चांगली पोरं खेळासाठी निवडत आणि कामावर लावून घेत. “गिरणीत लागलो त बापाले कोनाचं साल धराव लागनार नाई,” तो म्हणाला. त्या ‘कोनाचं’मध्ये आम्हीही आलो होतो. ते मला टोचलं का? हो, थोडं टोचलं. हेही लपवत नाही.

सामन्याच्या दिवशी मैदानात शिरताच दसरूनं मला लांबून हाक मारली, “अबे पुंड्या, बूट चावते काय बे?” आमचा सगळा संघ हसला. मग कॅप्टन सेक्रेटरींकडे गेला. गावच्या संघात मास्तर आणि तलाठ्याचा भाऊ असे दोन बाहेरचे आहेतच, हा मडावी तिसरा, अशी हरकत त्यानं घेतली. आणि गावचा जाणता म्हणून त्यानं माझं नाव सांगितलं. कॉलेजात शिकणारा, शिवाय त्या मुलाला ओळखणारा. मीच तर टाळ्या घेत सांगितलं होतं.

सेक्रेटरी म्हणजे एक म्हातारे वकील, छत्री टेकत चालणारे. दोन्ही संघ गोल करून उभे राहिले. हवेत रुई उतरत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “याच्या घरचे बैल तुमच्या पोळ्यात उभे राह्यते काय?”

इथे मला थांबावंसं वाटतं.

आमच्या गावी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. आमच्या बैलांचे खांदे दसरू मळायचा. तोरणाखाली आमची जोडी धरून उभा राहायचा तोही दसरूच, मला कळतं तेव्हापासून. वडील पूजेचं ताट घेऊन मागे, मी त्यांच्याही मागे. बैल घरी आल्यावर आई आधी बैलांचे पाय धुवायची, मग दसरूच्या हातावर पाणी घालायची. गावात पोळ्याला उभा राहिलेला माणूस शोधायचा, तर आधी तो सापडला असता, मग मी.

मी म्हणालो, “नाई. त्याइच्या घरी बैल नाई.”

एक शब्दही खोटा नव्हता. माझ्या लक्षात येतं आहे, मी हे वाक्य तेव्हाच मनात निवडून ठेवलं होतं — कॅप्टन सेक्रेटरींकडे चालत गेला तेव्हाच.

आणि दसरू? तो चिडला असता तर बरं झालं असतं. गावच्या संघातलं कोणीतरी कुजबुजलं की हा कॉलेजच्या बाजूनं बोलतो आहे, तर दसरूच वकिलांना म्हणाला, “खरं सांगून राह्यला तो. आमाले कुठचे बैल?” मग माझ्याकडे वळून हसला. “सांग ना मंग बाकीचं.”

तो थांबला. वकीलही थांबले. मास्तर काही बोलू लागले, तर वकिलांनी हात वर केला. त्यांना माझ्याकडूनच ऐकायचं होतं. किती वेळ गेला असेल? स्वप्नात पाय उचलत नाहीत ना, तशी जीभ उचलत नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते खरं नाही. जीभ उचलत होती. मी बुटांकडे बघितलं आणि म्हणालो, “एवढंच.”

दसरू रेषेबाहेर जाऊन उकिडवा बसला. आम्ही जिंकलो. शेवटी शेवटी मलाही आत घेतलं आणि दोनदा माझ्या पायाला चेंडू लागला. गिरणीचा माणूस मध्यंतरानंतर कामठीच्या एका खेळाडूशी बोलत उभा होता. दसरूकडे त्यानं पाहिलंही नाही. का पाहावं? बाहेर बसलेल्या माणसाकडे कोण पाहतं?

मास्तर गावात कोणाशीच काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली.

पण तुम्हाला सांगायचं होतं ते एवढ्यावर संपत नाही. रविवारी मी घरी गेलो. अंगणात वडील होते आणि दसरू कडबा तोडत होता. वडिलांनी मला विचारलं की आपल्या पोराला काऊन बसवलं. ते त्याला ‘आपला पोरगा’ म्हणाले, सहज. मी म्हणालो, बाहेरच्यांचा नियम होता, सेक्रेटरींनी बसवलं. वडिलांना पटलं नाही. त्यांनी दसरूला विचारलं, खरं काय ते तू सांग.

दसरूनं कोयता खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

“नियमच होता, मालक,” तो म्हणाला.

उन्हाळ्यात तो चांद्याकडे लाकूडतोडीच्या कामावर गेला. त्याचे वडील अजून आमच्याच घरी साल धरतात. मी घरी गेलो की ते माझ्या हातातली पिशवी घेतात आणि गावात सांगतात की आमच्या दसरूला नियमानं खेळू दिलं नाही.

नियम तसा नव्हता.