वैशाखातला नाताळ

आमच्या पाळकसाहेबांनी पंचवीस डिसेंबरला नाताळ कधी केलाच नाही. वडवणीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मूठभर, आणि त्यातली बहुतेक दिवाळी सरली की ट्रॅक्टरवर संसार चढवून ऊस तोडायला जातात. मागे उरायचे म्हातारेकोतारे, स्वतः साहेब आणि गावच्या शाळेत शिकवणारी मी. ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यात परतल्या की साहेब चर्चच्या दारावर कागदी चांदणी टांगायचे आणि भर वैशाखात, घामाने निथळत, आमचा नाताळ व्हायचा. "देवाला आपल्या कॅलेंडरची घाई न्हाई, बाई," असं ते मला म्हणायचे.

एका डिसेंबरात चर्चचे वरचे पुढारी केक घेऊन तपासणीला आले. बघतात तर दार बोडकं, ना चांदणी, ना दिवा. साहेबांनी त्यांना लिंबाखाली खाट टाकून दिली, चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "नाताळ आजून यायचाय. पोरं उसात हायेत." पाहुणे फणकाऱ्याने गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण केक छान होता.

थांबण्याचा त्यांना सोसच होता. उपासना सुरू करायची तर कोपऱ्यावरची म्हातारी काठी टेकत आत येऊन बसेपर्यंत हा माणूस बायबल उघडायचा नाही. बाप्तिस्मा मागायला आलेल्याला म्हणायचे, "एक हंगाम जाऊ दे. उसातून आल्यावरबी हेच वाटलं तर ये." काही आले, पुष्कळसे आले नाहीत. जे आले नाहीत त्यांच्यासाठीही ते रोज नाव घेऊन प्रार्थना करत.

त्यांची एक प्रार्थना मात्र मला ऐकवत नसे. पोरांना मागे ठेवता येईल असं एखादं वसतिगृह गावात व्हावं, ही. मी गावात नोकरीला लागले तेव्हाही ते हेच मागत होते. दर दिवाळीनंतर माझा वर्ग रिकामा व्हायचा, आणि हे म्हणायचे, "त्याच्या येळेला हुईल." एकदा माझा संयम सुटला. "तुम्ही थांबाल हो साहेब, पण पोरांचं वय थांबतं का?" ते खाली बघत म्हणाले, "मलाबी झोप लागत न्हाई, बाई." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. वसतिगृह अजून झालेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, ते गेले. शेवटी मला म्हणाले, "पोरं आली की चांदणी लावा. तवर न्हाई." टोळ्यांना फोन केले. मुकादमाने कुणालाच सोडलं नाही. नाताळ थांबवता येतो, माती थांबवता येत नाही. ज्यांच्यासाठी हा माणूस जन्मभर थांबला, त्यांच्यातलं कुणीही मातीला नव्हतं.

त्यांच्या जागी तरुण पाळक आले. माणूस भला. मी साहेबांची रीत सांगितली, तर म्हणाले, "बाई, सणाला तारीख असते." त्याच वर्षी पंचवीस डिसेंबरला आम्ही सात-आठ जण बसलो आणि नाताळ अर्ध्या तासात उरकला. टोळ्या परतायच्या सुमारास मी पुन्हा विनवून पाहिलं. ते हसले. "पाच महिन्यांत येशूचा जन्म दोनदा कसा करायचा?" त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच मला सहन होत नाही.

वैशाखात ट्रॅक्टर आले. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक पोर सामान उतरायच्या आधीच चर्चकडे पळत आली. कारखान्यावरच्या बाजारातून घेतलेला नवा लाल फ्रॉक तिने प्रवासातच अंगावर चढवला होता. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, चांदणी कावून न्हाई लावली? नाताळ कवा हाय?"

साहेब असते तर त्यांनी तिला यायचाय म्हणून सांगितलं असतं.

"झाला गं," मी म्हणाले.