अप्पांच्या गोदामातली टमाटी

शटर वर करण्याआधी अप्पांनी मला डोळे मिटायला लावले.

"आता बघा, मॅडम."

बघितलं. लातूरच्या गंजातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, तुरीचं रिकामं गोदाम. खिडकी नावाला नाही. आत ट्रेमागून ट्रे टमाट्याची रोपं, पिवळट, शेवयांसारखी. मी रोपवाटिकांना सल्ला देते. बोलावलं की नांदेडहून येते, रोपं बघते आणि बहुतेक वेळा वाईट बातमी सांगून चहा पिते.

"बाजूच्या नर्सरीतली नखाएवढी हायत," अप्पा म्हणाले. "माझी बोटाएवढी. दोन्ही घटस्थापनेलाच पेरली."

अप्पा आडत व्यापारी. रोपांचा हा पहिलाच उद्योग. दसऱ्याला उदगीरहून व्याही येणार होते आणि त्यांच्या शेतासाठी रोपं द्यायचा शब्द अप्पांनी चारचौघांत दिला होता. लेक त्या घरात दिलेली.

"अंधारात का ठेवली?"

"उन्हात माणूस करपतो, रोपांचं काय घेऊन बसलात? शिवाय लोकांची नजर."

"अप्पा, उन्हाशिवाय रोप जगत नाही."

"मग आमचा घट? देवघरात उजेड न्हाई, तरी गहू कसा तरारून राहिलाय."

मला रागच आला. माझ्या सासूबाईसुद्धा रोज सकाळी घटावर वीत लावून बघतात.

"दाण्यात शिदोरी असते," मी म्हटलं. "गव्हाची मोठी, टमाट्याची चिमूटभर. संपली की पानाला स्वतः रांधावं लागतं. हवा आणि पाणी हे सामान, ऊन हा जाळ. अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांबतं. ही उंची नाही, उपासमार आहे."

"खत दिलंय की."

"ते मीठमिरची. नुसत्या मिठावर कोण जगतं?"

"अन् घट?"

"दसऱ्याला उठतो म्हणून त्याची इज्जत राहते. पुढं पंधरा दिवस ठेवून बघा."

अप्पांनी एक रोप बोटानं उभं धरून बघितलं. "पुढचं कधी कुणी बघितलंच न्हाई," ते म्हणाले. मग हळूच, "व्याह्यांना तुम्हीच सांगा."

आम्ही गच्चीवर शेडनेट, म्हणजे ऊन गाळून देणारी हिरवी जाळी, बांधून नवीन बी पेरलं. जुने ट्रेही तिथेच नेले. दसऱ्यापर्यंत त्यातली बहुतेक रोपं आडवी झाली.

व्याही आले. मी तोंड उघडायच्या आत अप्पांनी घाबरून एक उभं राहिलेलं रोप मुळासकट उपटलं आणि घटाचा तुरा खोचावा तसं व्याह्यांच्या टोपीत खोचलं. "आमच्याकडचा घट."

व्याह्यांनी टोपी काढून वास घेतला. "अप्पा, हे टमाटं हाय."

"हाव."

"बाकीची?"

"झोपली. महिनाभर थांबावं लागंल."

व्याही ठसका लागेपर्यंत हसले. रोप मात्र फेकलं नाही. टोपीत खोचूनच उदगीरला नेलं आणि आडाशेजारी मानेपर्यंत मातीत पुरलं. लांबलेलं टमाटं तसंच लावायचं असतं, हे त्यांना मी न सांगताच ठाऊक होतं.

महिन्याभरानं अप्पांनी खरी, हिरवी, बुटकी रोपं पोचती केली. तोवर आडाजवळचं फुलावर आलं होतं. व्याही येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "हा आमच्या अप्पांचा घट."

अप्पांनी गोदामात परत तूर भरली. तिला अंधार चालतो. मला मात्र घरी बोलणी बसली, कारण माझ्याकडून अप्पांची गोष्ट ऐकून यंदा सासूबाईंनी घट उठवूच दिला नाही. पुढं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. बघितलं. पिवळा पडून आडवा झाला, आणि दोष माझ्या पायगुणाला लागला.